गिटचा इतिहास बदलताना सह्या वाचवणं: कामाची नोंद

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्या इतिहासातून एक जुनी बायनरी फाइल काढायचं काम मार्गी लागलं. ती ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली त्याच्या आधीच्या कमिट्सवरच्या सगळ्या डिजिटल सह्या शाबूत आहेत. त्यापुढच्यांची गोष्ट वेगळी.

'गिट कॅट-फाइल कमिट हेड' चालवून बघा (हेड म्हणजे सध्याचा कमिट). ट्री (फाइलींची त्या वेळची रचना), पेरेंट (आधीचा कमिट), ऑथर, कमिटर आणि त्याखाली सही असलेला जीपीजीसिग हेडर दिसतो. सहीची पुढची प्रत्येक ओळ एका स्पेसने सुरू होते. हा हेडर सोडून उरलेला सगळा मजकूर सहीखाली येतो. पेरेंटचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) त्यातच असल्यामुळे एक कमिट बदलला की त्याच्या सगळ्या वंशजांच्या सह्या बाद. इथे पळवाट नाही, आणि नसावीच.

चीड येते ती आधीच्या कमिट्सचीही सही जाते तेव्हा. इतिहास बदलायची गिटची कमांड फिल्टर-ब्रँच प्रत्येक कमिट नव्याने बांधते, त्यात सही गळते आणि हॅश विनाकारण बदलतो. इतिहास बाहेर काढणाऱ्या फास्ट-एक्स्पोर्टला गिट २.५० पासून सह्या जशाच्या तशा ठेवणारं '--साइन्ड-कमिट्स=व्हर्बॅटिम' मिळालंय, पण मर्जटॅगसारखे (मर्ज केलेल्या टॅगची प्रत ठेवणारे) हेडर राहतात बाजूलाच. म्हणून स्वतःची स्क्रिप्ट लिहिली: रेव्ह-लिस्ट (कमिट्सची यादी) उलट क्रमाने फिरवायची, ट्री आणि पेरेंट तेच असतील तर जुनाच ऑब्जेक्ट ठेवायचा, नाहीतर कमिट-ट्रीने नवा. सही करणारा 'एस' (मोठा) फ्लॅग फक्त माझ्या कमिट्सना. दुसऱ्याच्या कामावर माझी किल्ली चालवायची नाही.

मग इतरांच्या सह्यांचं काय? जुनी ब्रँच ठेवली तर ती जड फाइलही राहते. पण सही तपासायला ट्री किंवा ब्लॉब (फाइलीतला मजकूर) लागत नाही, कमिटचा कच्चा मजकूर पुरतो! तो ब्लॉब म्हणून साठवला आणि 'गिट नोट्स अॅड -सी' (मोठा सी) ने नव्या कमिटला टीप म्हणून जोडला. 'एफ' (मोठा) वापरू नका, तो मोकळ्या ओळी साफ करतो आणि एक बाइट हलला तरी सही जुळत नाही. तपासताना नोट वाचून रिकाम्या रेपोत (गिटच्या संग्रहात) 'हॅश-ऑब्जेक्ट -टी कमिट -डब्ल्यू' ला द्यायची. जुनाच हॅश मिळतो, त्यावर व्हेरिफाय-कमिट चालतो.

यातून जुना कमिट कुणी सही केला एवढंच सिद्ध होतं. नवा ट्री जुन्याशी जुळतो का, ते डिफ (फरक) काढूनच बघावं लागतं. शिवाय नोट्स आपोआप पुश होत नाहीत (सर्व्हरवर जात नाहीत), रेफ्स/नोट्स वेगळं पाठवावं लागतं.

आता मर्ज कमिट्समधल्या मर्जटॅगकडे वळतोय.