तुम्ही विचारलंत म्हणून: मेक अडकतं कुठे?

‘सूचनांप्रमाणेच सगळं केलं, तरी मेक अडकलं. माझं काय चुकलं?’ हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदा नीटच सांगतो. लिनक्सवर सोर्स कोडवरून प्रोग्राम बनवताना लागणाऱ्या कमांड चालवणारं साधन म्हणजे मेक. बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. सूचना लिहिणाऱ्याच्या मशीनवर जे आधीपासून होतं, ते लिहायचं त्याला सुचलं नाही, एवढंच.

उबुंटू लिनक्सवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज टाकलंत की जीसीसी (सी भाषेतला कोड कंपाइल करणारा, म्हणजे मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) आणि मेक येतात. मग कॉन्फिगर (लागणाऱ्या गोष्टी मशीनवर आहेत का ते तपासणारी स्क्रिप्ट), मग मेक. इथवर ठीक.

पुढे तुम्ही मला शेवटची ओळ पाठवता: ‘एरर १’. मी वरचं मागितलं की तुम्हाला तुसडेपणा वाटतो. पण त्या ओळीत मेक इतकंच सांगतं की त्याने चालवलेली कमांड फसली. वर सरकत पहिल्या एररपर्यंत जा. तिथे असतं: ‘फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘पण झेडलिब तर आहे माझ्याकडे!’ आहे, खरंच आहे. झेडलिब ही डेटा लहान करणाऱ्या फंक्शनांची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायचा संच; ‘झेडलिब१जी’ पॅकेजमध्ये ती तयार असते. प्रोग्राम चालवायला ती पुरते. कंपाइल करताना मात्र जीसीसीला त्यातलं कोणतं फंक्शन काय घेतं, काय परत देतं, हे कळावं लागतं. ते हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि हेडर ‘झेडलिब१जी-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. ते टाका, मेक पुन्हा चालवा. फेडोरा लिनक्सवर अशा पॅकेजांची नावं ‘-डेव्हेल’ने संपतात. कॉन्फिगरच अडलं असेल तर ‘कॉन्फिग.लॉग’ ही त्याची नोंद-फाइल उघडा.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर तक्रार लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामची) आहे: फंक्शनचं नाव कळलं, फंक्शन सापडलं नाही. कमांड हाताने लिहीत असाल तर ‘-एलझेड’ (‘झेडलिब जोड’ असं सांगणारा पर्याय) सोर्स फाइलनंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी आधी आली तर तोवर तिच्यातलं कुणी काही मागितलेलं नसतं, आणि उबुंटूवर तो ती सोडून देतो.

पूर्वी मी सरसकट सांगायचो, आधी सी शिका. चुकीचं होतं ते. एरर वाचायला सी यावं लागत नाही. पण नुसती पॅकेजं टाकत आलेला माणूस लिंकरपाशी हटकून थांबतो, म्हणून ते म्हणणं पुरतं सोडवतही नाही.

आणि ‘सुडो मेक इन्स्टॉल’ची, म्हणजे बनवलेला प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने सिस्टिममध्ये टाकायची, घाई नको. फायली बहुधा ‘युएसआर-लोकल’ फोल्डरमध्ये जातात, पॅकेज मॅनेजरला (पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला) त्यांचा पत्ता नसतो, म्हणून त्या तो काढूही शकत नाही. कॉन्फिगरला ‘--प्रीफिक्स’ (फायली कुठे टाकायच्या ते ठरवणारा पर्याय) देऊन आपल्या होममधलं एखादं फोल्डर सांगा; नको झालं की ते फोल्डर उडवलं, काम झालं.