विज्ञानाचा तास आणि दारातले दडपण

शाळेच्या शताब्दीनिमित्त मला प्रथम नोंदवावेसे वाटते ते हे, की महापालिकेच्या या शाळेत विज्ञान शिकवताना आमच्या शिक्षकांनी कोणत्याही धर्मसंस्थेची मर्जी राखली नाही आणि कोणाच्या श्रद्धेची टवाळीही केली नाही.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आम्हा सगळ्यांच्या घरचा श्रद्धेचा विषय. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो तो २१-२२ डिसेंबर या दोन्ही तारखांपासून किती दिवस दूर आहे, हे गुरुजींनी आम्हाला मोजायला लावले. दोन्हीकडे ते ४१ च्या आसपास भरले. दक्षिणेकडे सरकताना आणि तिथून परतताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, हे आम्हाला त्या आकड्यांवरून उमगले. देवीवरचा कोणाचा भाव त्याने उणावला नाही. ज्यांनी हे गणित दगडात बसवले त्यांच्याविषयीचा आदर मात्र वाढला.

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा शेजारच्या कर्नाटकातून जाणार होता. मुलांना ग्रहण दाखवू नये, असे सांगायला परिसरातील काही धार्मिक पुढारी मुख्याध्यापकांकडे आले. ज्यांना वेध पाळायचे आहेत त्यांनी घरी अवश्य पाळावेत, शाळेतला कार्यक्रम मात्र होईल, असे मुख्याध्यापकांनी त्यांना नम्रपणे सांगितले. पुठ्ठ्याला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून पांढऱ्या कागदावर उतरलेली सूर्याची कोर आम्ही पाहिली. वर्गातली कित्येक मुले त्या दुपारी घराबाहेर पडू शकली नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेचे २८ वे कलम मनाई करते; पण दारात आलेल्या माणसांना उत्तर द्यायला तिथे कलम नव्हे, मुख्याध्यापक उभे होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला, कारण तिथे धर्माच्या आग्रहाला कायद्याचेच बळ मिळाले होते. आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तक संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचे दिले गेले, आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्धच्या निवेदनावर सह्या केल्या. कारण काहीही असो, सजीव कसे घडत आले हे न शिकताच मूल दहावी पार करते, हे मला मान्य नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. आपल्या शाळेतून पुढे जाणाऱ्या मुलांची त्यासाठीची तयारी सातवीपर्यंतच व्हायला हवी.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळी ढगांनी उघडीप दिली तर ते इथून दिसेल. शताब्दी निधीतून ग्रहण पाहण्याचे चष्मे आधीच घ्यावेत आणि पालकांनाही शाळेत बोलवावे, अशी माझी विनंती आहे.