काळी पडलेली बाटली

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत मी सचिव आहे. २०२३च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली, तेव्हापासून माझ्या टेबलावर बांधकाम परवान्यांच्याच फायली जास्त. लोकांना वाटतं पंचायत सरकारी पैशावर चालते. आमच्याकडे कचरा गोळा करणाऱ्या बायांचा पगार निघतो तो घरपट्टी आणि परवाना फीतून. थकलेल्या घरपट्टीचा विषय काढला की पंच मंडळी खिडकीबाहेर बघतात, मतांचा प्रश्न! बिल्डर मात्र फी एकरकमी भरतो.

त्या सोमवारी वाड्यावरची एक आजी विहिरीचं पाणी घेऊन आली. "सेक्रेटरी बाब, हें उदक तुमी पियेतले?"

पाणी नितळ होतं, वास किंचित. आमच्याकडे तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात, आत औषधाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून उबेला ठेवायचं. मंगळवारी दुपारी कपाट उघडलं तर बाटलीत शाईसारखं काळं पाणी. म्हणजे पाण्यात बहुधा मैला उतरलेला.

विहिरीच्या वरच्या अंगाला नवी इमारत आहे. संडासाचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा नकाशात एका कोपऱ्यात, जागेवर भलत्याच, विहिरीच्या बाजूला. आमचा जांभा म्हणजे चाळण, पाऊस पडला की सगळं खाली. इमारत वापरायला परवानगी देणारा भोगवटा दाखला पंचायतीचाच. आरोग्य केंद्राचा ना-हरकत जोडलेला होता; तो देणाऱ्याने जागा पाहिली होती का, देव जाणे. मीही गेलो नव्हतो. फीची पावती मात्र मीच फाडली होती.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातला ६० टक्के निधी बांधील होता, म्हणजे ठरलेल्या कामांनाच. निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला, आणि त्यात मैलागाळही, म्हणजे संडासाच्या टाक्यांतला गाळ उपसून त्याची विल्हेवाट लावणंही, बसायचं. आमचा पडून आहे. काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराजवरून, म्हणजे पंचायतींच्या खर्चाच्या ऑनलाइन पोर्टलवरून, पैसा हलत नाही, आणि दोन ग्रामसभांत मी मैलागाळ म्हटलं की लोक हसले. मोकळ्या ४० टक्क्यांतून देवळासमोर पेव्हर बसले. छान बसलेत, खोटं कशाला बोलू.

बिल्डरला नोटीस काढली. बिल्डरच्या माणसाने दाखल्याची प्रत पुढे सरकवली, "सही तुमचीच ना?"

आजीच्या वाड्याला भाड्याचा टँकर सुरू केला, स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या कमाईतून. त्या महिन्यात स्वनिधीत मोठी जमा एकच होती: त्याच बिल्डरच्या दुसऱ्या इमारतीची फी.