पालकांना दर महिन्याला पत्र लिहायचं ठरवलं आणि पहिल्याच पत्राने घाम फोडला

प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी पहिल्याच पालकसभेत मी हौसेने सांगून बसले की दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेत काय चाललंय ते पत्र लिहून कळवेन. वाटलं त्यात काय एवढं, इतकी वर्षं शिकवतेय, एक पान नाही का लिहिता येणार. आणि मग तो शुक्रवार आला.

पहिला ड्राफ्ट दीड तासात झाला, मला तर आवडलापण. आमच्या एक सीनियर बाई आहेत, फार बोलत नाहीत, त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचता वाचता मधेच बारीक टिंब देत गेल्या. मला वाटलं शुद्धलेखन बघतायत. शेवटी कागद परत देताना म्हणाल्या, "मॅडम, यात 'करावे', 'द्यावे', 'पाठवावे' मिळून सतरा वेळा आलंय." बस, एवढंच बोलून तासाला निघून गेल्या. मी टिंबं मोजली, खरंच सतरा. मी पत्र लिहिलंच नव्हतं, परिपत्रक काढलं होतं. गणवेश स्वच्छ असावा, डबा वेळेवर द्यावा, डायरीवर सही करावी, नखं कापावीत... आणि पोरं दिवसभर शाळेत काय करतात याबद्दल एक ओळ नाही!

प्रत्येक घरात संध्याकाळी एकच संवाद होतो ना, "आज शाळेत काय केलं?" "काही नाही." पालकांना ते 'काही नाही' म्हणजे काय तेच हवं असतं. मला हे माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी चांगलं माहीत होतं, पण खुर्ची बदलली की माणूस विसरतो.

मग सगळं खोडलं आणि वर्गावर्गात जाऊन बसले, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं, वही घेऊन. तिसरीत त्या दिवशी लांबी चालली होती. बाईंनी व्हरांडा पावलांनी मोजायला सांगितला होता, एकाचा ४१ पावलं, एकीचा ५२, तिसरा म्हणतो ३८, आणि मग जे भांडण जुंपलं ते बघण्यासारखं होतं. तू उड्या मारल्यास, तू भिंतीपासून सुरू केलंच नाहीस, तू मधेच थांबून परत मोजलंस. बाई शांतपणे टेप घेऊन उभ्या, पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. शेवटी एक पोरगी म्हणाली, बाई आमचे पाय वेगवेगळे आहेत, सगळ्यांनी एकाच्याच पायाने मोजायला पाहिजे. झालं, प्रमाणित माप कशाला लागतं ते पोरीनेच सांगून टाकलं. मी हेच जसंच्या तसं लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली, आज मुलांना विचारा की व्हरांडा किती पावलांचा आहे.

सोमवारी एका मुलाने वहीचं मागचं पान फाडून आणून दिलं. त्यावर वाकड्या अक्षरात, 'आमचा हॉल बाबांची ९ पावलं, माझी १६, आज्जीने मोजायला नाही सांगितलं.' ते पान अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून प्रत्येक पत्रात असा एक तरी प्रश्न असतो, ज्याचं उत्तर 'काही नाही' देताच येत नाही.

पण सगळंच असं गोड नव्हतं. दुसऱ्या पत्रात मी उशिरा येणाऱ्यांबद्दल लिहिलं आणि जरा झापल्यासारखंच लिहिलं, कारण त्या आठवड्यात रोज गेटवर मीच उभी होते आणि डोकं तापलेलं होतं. एक आई सोमवारी सकाळी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, फक्त एवढंच म्हणाली की मॅडम मी रात्रपाळी करून येते, धावतपळत दोघांना तयार करते, तुमचं पत्र वाचून असं वाटलं की मला मुलांची पर्वाच नाही. मला काय बोलावं सुचेना. सॉरी म्हटलं, दुसरं काय म्हणणार. आणि गंमत म्हणजे जे खरोखर आरामात येतात त्यातल्या एकानेही ते मनावर घेतलं नव्हतं, लागलं ते नेमकं जी जिवाचा आटापिटा करत होती तिला.

पुढच्या महिन्यात तोच विषय घेतला पण फक्त हिशोब मांडला. वर्षात २०० दिवस शाळा भरली आणि मूल रोज १० मिनिटं उशिरा आलं, तर २,००० मिनिटं, म्हणजे ३३ तासांच्या वर, दिवसाला ५ तास शिकवणं धरलं तर सहा दिवसांहून जास्त शाळा गेली. आणि महिन्यात २० दिवस शाळा असताना २ दिवस दांडी म्हणजे १० टक्के. इंग्लंड अमेरिकेत गैरहजेरी १० टक्के किंवा त्याहून जास्त झाली की काळजीचा विषय धरतात, हे मी त्यात लिहिलं कारण बऱ्याच जणांना ९० टक्के हजेरी म्हणजे फर्स्ट क्लास वाटतं, मार्कांसारखं. शेवटी एवढंच लिहिलं की सकाळची काही अडचण असेल तर येऊन सांगा, मिळून काहीतरी काढू. पाच जण आले. पाच म्हणजे फार नाहीत पण त्यातल्या तिघांचं गाडं सुधारलं, आणि ती आई पाचांत होती.

उवांचं पत्र हा वेगळाच किस्सा. दुसरीच्या एका वर्गात उवा झाल्या, आणि हा विषय असा की बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. वर्गाचं नाव टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या डोक्यातून आल्या याचा शोध लागला असता (म्हणजे लावला असता, खरा खोटा देव जाणे). म्हणून ते सगळ्या शाळेला पाठवलं. की उवा उड्या मारत नाहीत, उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, आणि पोरं तर डोक्याला डोकं लावूनच बसतात. स्वच्छतेशी याचा संबंध नाही, धुतलेल्या केसांतही तितक्याच खुशाल राहतात. अंडी साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून एकदा औषध लावून झालं असं समजू नका, बाटलीवर सांगितलं असेल त्याप्रमाणे दुसऱ्यांदा लावा आणि मधले दिवस ओल्या केसांतून बारीक फणी फिरवत राहा. इतकं साधं लिहिलं तर त्या महिन्यात सगळ्यात जास्त रिप्लाय त्याच पत्राला आले, आणि दोन आयांनी आपणहून सांगितलं की आमच्याकडे आहेत.

एक चूक मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. पालकसभेची तारीख लिहिली 'मंगळवार, १४' आणि १४ला होता बुधवार. अर्धे पालक मंगळवारी आले, अर्धे बुधवारी, आणि मंगळवारी आलेल्यांपैकी काहींनी अर्धा दिवस रजा टाकली होती. मी दोन्ही दिवस सभा घेतली, तोंड वर करायची सोय नव्हती. आता पत्र जायच्या आधी आमच्या ऑफिसातले क्लार्क कॅलेंडर समोर ठेवून फक्त वार आणि तारखा तपासतात, बाकी मजकूर वाचतसुद्धा नाहीत. मजकूर वाचायला लागलं की तारखा निसटतात, हे त्यांचंच म्हणणं.

फोटोंचंही तसंच. फोटो छापू नका असं ज्या घरांनी लिहून दिलंय त्यांची यादी होती, पण मी बघितली समोरची चार मुलं, मागे खिडकीपाशी उभं असलेलं पाचवं बघितलंच नाही. फोन आल्यावर पत्र मागे घेतलं, पण ज्यांनी आधीच उघडलं त्यांच्याकडे तो फोटो गेला तो गेलाच. तेव्हापासून मी चेहऱ्यांचे फोटो जवळजवळ बंदच केलेत. मातीने भरलेले हात, फळ्यावरचं अर्धं गणित, पाठमोरी रांग, यात जास्त मजा येते खरं तर.

सगळ्यात अवघड पत्र कुठलं विचाराल तर वर्षाच्या मधेच एक लाडक्या बाई शाळा सोडून चालल्या ते. कारण त्यांचं घरचं होतं, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. पण कारण सांगितलं नाही की लोक स्वतःचं कारण तयार करतात. खूप विचार करून क्रम ठरवला, आधी स्टाफ, मग संध्याकाळी फक्त त्या वर्गाच्या पालकांना चार ओळी, ज्यात कधीपर्यंत आहेत, पुढे कोण येणार आणि उद्या सकाळी बाई स्वतः मुलांना सांगणार आहेत एवढंच, आणि बाकी शाळेला दुसऱ्या दिवशी दुपारी. पालकांना आदल्या रात्री कळल्यामुळे मूल रडत घरी आलं तेव्हा घरात कोणी दचकलं नाही. नव्या बाई शेवटचे तीन दिवस जुन्या बाईंबरोबर वर्गात बसल्या, कुठला मुलगा पाणी प्यायला का सारखा उठतो हे हजेरीपटात कुठे लिहिलेलं असतं.

आणि हो, पीडीएफ. पहिले तीन महिने मी बॉर्डर वगैरे टाकून छान पीडीएफ पाठवत होते, बरेच जण उघडतच नव्हते. आता सरळ मेसेजमध्ये टाइप करते, सगळ्यात वर तारखा, मग वर्गातलं, आणि खाली तेच वाचून दाखवलेला तीन मिनिटांचा ऑडिओ. ऑडिओ वाचता न येणाऱ्या पालकांसाठी सुरू केला होता, ऐकतात मात्र सगळे, बरेचसे स्वयंपाक करता करता. एक आजोबा तर गेटवर म्हणाले, तुम्ही फार भरभर वाचता हो.

या महिन्याचं पत्र अजून अर्धंच आहे. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात ११ पाण्याच्या बाटल्या, ६ स्वेटर आणि डाव्या पायाचा एक बूट आहे. बाटल्या स्वेटर समजू शकते. पण बूट आठ दिवसांपासून पडलाय आणि कोणी विचारायलाही आलेलं नाही, म्हणजे एक पोरगं त्या दिवशी एका बुटावर घरी गेलं आणि घरी कोणाच्या लक्षातच आलं नाही? पत्राची सुरुवात यानेच करावी म्हणते.