तीस रुपयांचं तिकीट आणि मागचं फाटक

तिकीट लावायचं म्हटल्यावर आमच्या क्लबात सरळ दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणाली, परभणीत फुटबॉल बघायला आजवर कुणी पैसे मोजलेत का? पोरं म्हणाली, नांदेडची टीम येणार, त्यांच्या गाडीचा अन् जेवणाचा खर्च मग कुठून काढायचा? मी तिकिटाच्या बाजूनं होतो, पण पैशासाठी नाही. तिकीट नसलं की आत किती माणूस आलं हे कुणालाच सांगता येत नाही. मागच्या मैत्रीपूर्ण सामन्याला फुकट प्रवेश होता. लोक थेट रेषेवर येऊन उभे राहिले, लाइनमनला पळायला जागा उरली नाही आणि कॉर्नर मारायचा तर आधी पाच-सहा पोरं बाजूला सारावी लागत.

शेवटी तीस रुपये ठरले. खेळाच्या सामन्याचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, एवढं सीएला विचारून घेतलं आणि तो विषय मिटला.

तारीख मात्र सहज मिळाली नाही. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाचा; तेव्हा शहरातला एकूण एक मंडपवाला आणि बंदोबस्ताचा निम्मा पोलीस तिकडं असतो. उरूस उरकायच्या सुमारासच बारावीचे पेपर, म्हणजे परीक्षा केंद्राजवळ भोंगा लावायचा नाही. त्यामुळं रविवार धरला, दुपारी चारची वेळ. मैदानावर दिवे नाहीत, तेव्हा अंधार पडायच्या आत सगळं माणूस बाहेर गेलेलं पाहिजे, हेही होतंच.

परवानगीची कागदं बहुतेकांना माहीत असतात: मैदान शाळेचं म्हणून मुख्याध्यापकांचं ना हरकत, मनपाच्या अग्निशमनचं ना हरकत, मंडप-स्टेजचा दाखला, स्वयंसेवकांची यादी, आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. फाइल घेऊन ठाण्यात गेलो. परवानग्या बघणाऱ्या हवालदारसाहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "माणूस किती येईल?"

"हजार-दीड हजार."

"हे कशावरून म्हणायलात?"

आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं. त्यांनी फाइल मिटवली. "जागेचा नकाशा काढून आणा. आत यायच्या वाटा नंतर सांगा, बाहेर जायच्या आधी दाखवा."

तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. पण खरं काम त्या वाक्यापासून सुरू झालं.

क्लबातल्या एका पोराचे मामा बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. ते टेप घेऊनच मैदानावर आले. चारी बाजूंनी दगडी कंपाउंड. समोरचं फाटक तीन मीटर, बाजूचं दीड मीटर. मागच्या अंगाला आणखी एक तीन मीटरचं, पण ते कैक वर्षं बंद. आतून वेडी बाभूळ, बाहेरून डबर. मामांनी त्यांचा हिशेब वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी 'ग्रीन गाइड' म्हणून एक पुस्तक वापरतात. 1971 साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना सुटताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 माणसं गेली, त्यानंतर दोन वर्षांनी ते निघालं. त्यात धरलंय की सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं निघतात, आणि आठ मिनिटांत सगळे बाहेर पडायला हवेत.

"आता धरा, समोरचं फाटक ऐन वेळी बंद पडलं," मामा म्हणाले. "दीड गुणिले 82 गुणिले आठ. 984. तुमचे दीड हजार कुठून जाणार?"

मागचं फाटक उघडलं तर मोठं एक बंद धरूनही साडेचार मीटर वाट उरते, म्हणजे 2952. बाहेर पडायचा प्रश्न सुटला. मग उभं राहायची जागा मोजली. दोन्ही लांब बाजूंना 90 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद पट्टा, म्हणजे 630 चौरस मीटर. पुस्तकात दहा चौरस मीटरला 47 माणसं ही अगदी वरची मर्यादा आहे, तीही पक्क्या बांधलेल्या जागेसाठी. मामांनी 25 धरली. आकडा आला 1575. दोन्हींतला जो लहान तो आपला, म्हणून 1500 वर रेघ मारली. नुसत्या मैदानाकडं बघितलं असतं तर पाच हजार माणूस सहज मावेल असं कुणीही म्हणालं असतं. आमच्यातल्या दोघांनी तसं म्हटलंही.

मागच्या फाटकासाठी मुख्याध्यापक सर लवकर तयार होईनात. "ते उघडलं की गावची जनावरं आत येतात, मग निस्तरायचं कुणी?" त्यांचंही खोटं नव्हतं. सामना झाला की त्याच रात्री पुन्हा बंद करून देऊ, असं लिहून दिलं. जेसीबीनं डबर हलवलं, बाभूळ तोडली. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली असून उपयोग नव्हता, ग्राइंडरनं कापलं. तरी फाटक आत उघडणारं. आतून गर्दी रेटली तर पल्ले मागं घ्यायचे कसे? वेल्डरनं जॅक लावून दोन्ही पल्ले बिजागरीवरून उचलून भिंतीला टेकवून ठेवले आणि तिथं नुसता दोर बांधला. दोरापाशी दोन पोरं. त्यांचं काम एकच: मॅच बघायची नाही.

बांबूची गॅलरी करा, असा आग्रह बऱ्याच जणांचा होता. मंडपवालाही एका पायावर तयार. मामांनी मोबाइलवर केरळातल्या मलप्पुरमचा व्हिडिओ दाखवला: मार्च 2022, सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा सामना, माणसांनी भरलेली तात्पुरती गॅलरी एका बाजूला झुकते आणि कोसळते. गॅलरी रद्द. बॅरिकेडही सलग नको, मैदानाकडं जागोजाग मोकळी फट ठेवा, असं ते म्हणाले. 1989 मध्ये इंग्लंडातल्या हिल्सबरो मैदानावर लोक पुढं जाळी आणि मागं गर्दी यांच्यात सापडले आणि 97 जीव गेले. मंडपवाल्याला हे पटेना. "फट ठेवली तर पब्लिक आत घुसंल की!" घुसू दे म्हटलं. मॅच दोन मिनिटं थांबेल, दुसरं काय होणार?

तिकिटं छापायला सोपी. पन्नासाचं पुस्तक, नंबरिंग, टोचे मारलेली स्थळप्रत. समोरच्या फाटकाची पिवळी, बाजूच्या फाटकाची हिरवी, मागून प्रवेशच नाही. कलर झेरॉक्सच्या भीतीनं विकताना मागं जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा. फाटकावर विक्री अजिबात नाही. तेराशे तिकिटं, ऐंशी लहान मुलं आणि एकशेवीस पास.

पासांनी मात्र पार पिट्टा पाडला. आपल्याकडं तीस रुपये द्यायला कुणाची ना नसते, पण तिकीट काढून आत जाणं म्हणजे काही जणांना मानहानी वाटते. एका कार्यालयातून फोन आला, "वीस पास पाठवून द्या." सामना कुठल्या खेळाचा, हे त्यांनी विचारलंही नाही. आम्ही पासांची वही आमच्या जुन्या गोलकीपर चाचांकडं दिली. कुठला नंबर कुणाला, सगळं लिहून. ते प्रत्येकाला हसत सांगायचे, "पास लेलो मियाँ, कुर्सी घर से लाना."

सामन्याच्या दिवशी सकाळी पोरांनी मैदानाच्या रेषा आखून झाल्यावर उरलेली फक्की तिन्ही फाटकांबाहेर रस्त्यावर मारली. या पट्ट्यात गाडी नाही, गाडा नाही. एकपर्यंत समोरच्या पट्ट्यात उसाच्या रसाचा गाडा येऊन उभा. मावशी म्हणाल्या, "गर्दी हितंच हाय, मी तिकडं जाऊन काय माशा मारू?" त्यांना बाजूच्या लिंबाखाली जागा दिली आणि पंचांचा, स्वयंसेवकांचा रस त्यांच्याकडूनच घ्यायचं कबूल केलं, तेव्हा गाडा हलला. मोटारसायकली हलवणं त्याहून अवघड गेलं. प्रत्येकाला फाटकाला चिकटूनच लावायची असते.

दुपारपर्यंत तिकिटं संपली. 'तिकिटं संपली' हा फलक फाटकावर न लावता आधीच्या चौकात लावला, आणि पोरांनी स्टेटसलाही टाकला. तरी साडेतीनला दीड-दोनशे पोरं बिनतिकिटाची आलीच. जून 2025 मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर 11 जण गेले ते दारांपाशीच्या गर्दीत, ही गोष्ट फौजदारसाहेबांच्या डोक्यात पक्की होती. त्यांनी फाटकाच्या वीस पावलं अलीकडं दोर धरायला लावला. तिकीट दाखवल्याशिवाय दोराच्या पुढं कुणी नाही. त्यामुळं फाटकापाशी जे होते ते सगळे तिकीटवाले, आणि रेटारेटी झालीच तर ती उघड्या रस्त्यावर, भिंतीला लागून नाही. थोड्या वेळानं ती पोरं समोरच्या गच्च्यांवर चढली. त्यांच्यापुरता आम्हांला काही उपाय सापडला नाही.

सामना 2-2 सुटला. शिट्टी वाजल्याबरोबर माइकवरून मराठीत आणि हिंदीत सांगितलं की बक्षीस समारंभ लगेच आहे, आणि ज्यांना घाई आहे त्यांनी मागच्या फाटकानं निघावं. निम्मे थांबले, निम्मे गेले. तिन्ही फाटकांवर कुठंच रांग साचली नाही. सांगून ठेवलेल्या दवाखान्याच्या गाडीत फक्त आमचा डावा बॅक बसला, पोटरीत गोळा आला म्हणून. रात्री वेल्डरनं पल्ले परत चढवले, नवं कुलूप घातलं. एक किल्ली सरांकडं, एक ठाण्यात.

दुसऱ्या दिवशी फाटकांवरच्या डब्यांतले तुकडे मोजले. तिकिटं 1241, म्हणजे काही जण आलेच नाहीत. शिक्का मारलेल्या तिकिटाची नक्कल एकही निघाली नाही. पास दिले होते 120, जमा झाले 137. जादा सतरा म्हणजे पासांच्या चकचकीत कलर झेरॉक्स, एकाच नंबरच्या चार-चार. चाचांनी ते वेगळ्या पाकिटात घालून ठेवलेत. कुठला नंबर कुणाला दिला होता, ते वहीत आहेच.