नऊ जळालेल्या गाड्या

१२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्री येथील जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात लागलेल्या आगीत एक्सकेएसएस या मॉडेलच्या नऊ गाड्या जळाल्या. ल मांची चोवीस तासांची शर्यत १९५५ पासून लागोपाठ तीन वर्षे जिंकणाऱ्या डी-टाइप या जॅग्वारच्याच शर्यतीच्या गाडीला काच, दार आणि टप चढवून ही गाडी रस्त्यासाठी तयार केली होती, आणि तिच्या अवघ्या १६ गाड्या लोकांच्या हाती पडल्या. जळालेल्या त्या नऊ गाड्या नव्याने बांधण्याचे कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी बाबांचे डेंटिंगचे दुकान आहे. तिथे ट्रॅक्टरचे बोनेट आणि मडगार्ड येतात. शर्यतीची गाडी कुणी पाहिलेलीही नाही. तरीही या नऊ गाड्यांपैकी प्रत्येकीला सुमारे दहा हजार तासांचे काम लागले आणि तिच्या अंगावर दोन हजारांहून अधिक रिव्हेट आहेत, हे वाचल्यावर मला त्या कारखान्यातील माणसे अगदी ओळखीची वाटली. जुन्या गाड्या स्कॅन करून मापे संगणकावर घेतली असली, तरी मॅग्नेशियम मिश्रधातूच्या पत्र्याला गोलाई हातानेच, यंत्राच्या दोन चाकांमध्ये दाबून दिलेली आहे.

ते काम किती अवघड असेल, याचा अंदाज मला गेल्या उन्हाळ्यात आला. एका जुन्या मोटारसायकलसाठी ॲल्युमिनियमचे मडगार्ड करायला मी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत बसलो आणि तिसऱ्या दिवशी तो कडेला फाटला. ठोकून पत्रा कडक होतो, म्हणून तो मधूनमधून तापवून नरम करावा लागतो. मात्र ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे ते किती तापले हे डोळ्यांना कळत नाही. बाबांनी दुसऱ्या पत्र्यावर धुण्याचा साबण चोळला, गॅसची ज्योत फिरवली आणि साबण काळपट होताच ज्योत बाजूला केली.

नव्याने बांधलेल्या अशा गाड्यांना नक्कल म्हणायचे का? फायबरची बॉडी भलत्याच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) चढवून तिला जुन्या गाडीचे नाव देणे मला पटत नाही. जॅग्वारच्याच लाइटवेट ई-टाइप या हलक्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट निराळी आहे: १९६३ मध्ये अठरा गाड्यांचे चासी क्रमांक राखून ठेवले होते, प्रत्यक्षात बाराच बांधल्या गेल्या, आणि राहिलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या २०१४ पासून त्याच पद्धतीने तयार झाल्या. अशा गाडीला नक्कल म्हणायला माझे मन तयार होत नाही; फक्त ती कोणत्या वर्षी बांधली, हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्या नऊ गाड्यांपैकी एकीचा फोटो मी बाबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो मोठा करून पुढच्या चाकावरचा फुगवटा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हा सांधा कुठे जोडला रे?"