प्रुनेला स्केल्स आणि तिने विचारलेला प्रश्न

रविवार, रात्री उशिरा

ब्रिटिश अभिनेत्री प्रुनेला स्केल्सवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. २७ ऑक्टोबर २०२५ला लंडनमधल्या आपल्या घरी तिने शेवटचा श्वास घेतला. ९३ वर्षांची होती. घरच्यांच्या निवेदनात एक बारीकशी गोष्ट आहे: जाण्याच्या आदल्या दिवशी ती ‘फॉल्टी टॉवर्स’ पाहत होती, म्हणजे जिच्यात तिने सिबिल साकारली ती विनोदी टीव्ही मालिका. ते वाचल्यापासून मी त्या चित्रापाशीच अडकले आहे. स्मृतिभ्रंश झालेली अभिनेत्री, समोर पडद्यावर ५० वर्षांपूर्वीची तीच. सिबिलच्या तोंडचं पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं असेल का?

नट माणसाला वाक्यं विसरण्याची भीती किती खोल असते हे हौशी रंगभूमीवर चार प्रयोग केलेल्यालाही कळतं. तिचा नवरा टिमोथी वेस्ट, तोही मोठा नट. लंडनमधल्या ग्रीनिचला तिचं नाटक पाहत असताना पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. पुढचं वाक्य तिला आठवून म्हणावं लागतंय. प्रेक्षकांना पत्ताही नसेल. पण इतकी वर्षं एकमेकांच्या तालमी ऐकलेल्या नवऱ्याला कळणारच.

दोघांची गाठ पडली १९६१मध्ये, बीबीसीच्या एका टीव्ही नाटकाच्या वेळी. संपामुळे काम अडलं, मग दोघं शब्दकोडी सोडवत बसली, सिनेमाला गेली. १९६३ला लग्न. तो नोव्हेंबर २०२४मध्ये गेला, म्हणजे एकसष्ट वर्षांचा संसार. आणि आजार सुरू झाल्यावर या दोघांनी काय करावं? चॅनल फोरसाठी ‘ग्रेट कॅनॉल जर्नीज’ केलं. २०१४ ते २०१९, अरुंद लांबट बोटीतून कालव्या-कालव्यांनी प्रवास. सुकाणूवर तो, दोर आणि कालव्याचे दरवाजे सांभाळायला ती. कालव्यांचं वेड त्यांना फार आधीपासूनचं. आज पुन्हा दोन भाग पाहिले. काल कुठे होतो हे तिला सांगता येत नाही, पण काठावरचं झाड, पाण्यावरचा उजेड, समोरून येणारी बोट यांचा आनंद ती पुरेपूर घेते. तो तिला हळूच आठवण करून देतो, वाक्य पुरवतो. विंगेतून प्रॉम्प्टिंग करावं तसं, पण कुणालाही खजील न करता. लपवाछपवी नाही, रडारडही नाही. आमच्याकडे घरातल्या माणसाला विस्मरण सुरू झालं की पाहुण्यांसमोर त्याला आतल्या खोलीत बसवतात. ही दोघं कॅमेऱ्यासमोर आली. मला याबद्दल दोघांविषयी अपार आदर वाटतो.

पण तिची ओळख आजारापाशी थांबावी हे मला मान्य नाही. सिबिलपाशी थांबावी हेही नाही. मात्र सिबिल तिने घडवली कशी, ते प्रत्येक नटाने वाचावं असं आहे.

जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेली मालिका. १९७५ला सहा भाग, १९७९ला सहा. एवढ्याच बारा भागांवर सगळी कीर्ती. टॉर्कीचं एक हॉटेल, सतत भडकलेला मालक बेसिल आणि त्याची बायको. संहिता हातात आल्यावर प्रुनेलाने क्लीझला विचारलं की या दोघांनी लग्न केलंच का? नेमक्या याच प्रश्नाची त्याला धास्ती होती. मग उत्तर तिनेच शोधलं. सिबिल साध्या, खालच्या थरातल्या, खानावळीच्या धंद्यातल्या घरातली. बेसिलच्या उच्चभ्रू बोलण्याचालण्यावर ती भाळली, आणि खरा माणूस कळेपर्यंत उशीर झाला होता. त्यातूनच तिची बोलण्याची ढब आली, ते केस आले, फोनवरचं न संपणारं बोलणं आलं. लेखकांच्या डोळ्यांसमोर अशी बाई नव्हती. सुरुवातीला ते बिचकले, आणि लवकरच त्यांना पटलं की आपण लिहिली त्यापेक्षा ही सरस आहे. संहितेत कुठेही नसलेलं लग्नाआधीचं आयुष्य तिने मनात उभं केलं म्हणून सिबिल नुसती कजाग बायको राहिली नाही. हॉटेल खरं तर तीच चालवते, हे आपल्याला न सांगता कळतं.

हे असंच जमत नाही. जन्म १९३२चा, सरे परगण्यातला. आई कॅथरीन स्केल्स अभिनेत्री. इलिंगवर्थ हे स्वतःचं आडनाव सोडून तिने आईचं घेतलं. लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यशाळेत शिकली, ब्रॉडवेवर काम करताना न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकवणाऱ्या ऊटा हागेनकडे पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या टीव्ही मालिकेत बस कंडक्टर झाली. ‘मॅप अँड लुसिया’, ‘आफ्टर हेन्री’ या मालिका, पुढे टेस्को या दुकानसाखळीच्या जाहिरातींतली खवट गिऱ्हाईक डॉटी. कुठलंही काम तिने हलकं मानल्याचं दिसत नाही.

आणि राणी! नाटककार अ‍ॅलन बेनेटच्या ‘अ क्वेश्चन ऑफ अ‍ॅट्रिब्यूशन’मध्ये, १९८८ला नॅशनल थिएटरमध्ये, तिने दुसरी एलिझाबेथ उभी केली, तीही राणी हयात असताना. १९९१ला बीबीसीने ते पडद्यावर आणलं. समोर अँथनी ब्लंट, राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा रखवालदार आणि सोव्हिएत हेर. राणी त्याच्याशी बनावट चित्रांविषयी बोलते. तिला त्याचं गुपित माहीत आहे का? प्रुनेला ते चेहऱ्यावर येऊ देत नाही. सौजन्य तसूभर कमी होत नाही, आणि ब्लंटला घाम फुटावा इतका ताण प्रत्येक साध्या प्रश्नात असतो. नक्कल करण्याची सोपी वाट मोकळी असताना ती त्या वाटेला गेलीच नाही.

व्हिक्टोरिया राणीवरचा तिचा कार्यक्रमही असाच. व्हिक्टोरियाच्या स्वतःच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून बांधलेला, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत नेणारा. त्याचे चारशेच्या वर प्रयोग तिने केले. मला त्याचं चित्रीकरण शोधायचं आहे. आमच्या पुढच्या नाटकात मला सासूची भूमिका आहे, तीन प्रवेश आणि मोजकी वाक्यं. वाक्यं पाठ झाली आहेत. पण ही बाई मुलाच्या लग्नाला हो का म्हणाली, हे संहितेत नाही. उद्या तालमीच्या आधी दिग्दर्शकाला गाठून तेच विचारणार आहे.